हातात खंजेरी घ्या: बालाघाट परिसरात सामूहिक वादनाची बैठक कशी सुरू कराल

"आम्हाला वाजवता येत नाही, तरी चालेल का?" बालाघाट, वारासिवनी, लांजी, कटंगी या भागातल्या वाचकांकडून हा प्रश्न सतत येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: चारचौघं जमून ढोलक वाजवायला परवानगी लागते का? मग शेजाऱ्यांची तक्रार, मंडळाची नोंदणी, वर्गणी, कोणती वाद्यं घ्यावी, हे सगळं येतं. त्यातच गोंदिया-नागपूरचे नातेवाईक महाराष्ट्रातले नियम सांगून जातात आणि गोंधळ वाढतो. कारण नोंदणीचा आणि ध्वनिक्षेपकाचा राज्य कायदा तिकडचा वेगळा आणि मध्य प्रदेशातला वेगळा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, चालेल. टाळी तालात देता येत असेल तर तुम्ही बसू शकता. ती देता येत नसेल तर इथेच शिकाल.

परदेशात अशा बैठकीला ड्रम सर्कल म्हणतात. माणसं गोल करून बसतात, प्रत्येकाच्या हातात काही ना काही वाद्य असतं आणि नुसतं ऐकणारा कोणी नसतो. 'ग्रेटफुल डेड' या बँडचे तालवादक मिकी हार्ट यांनी १९९१ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली होती, ती वृद्धांसाठी अशा सामूहिक वादनाचा उपयोग काय, यावरच होती. आपल्याकडे मात्र ही गोष्ट परदेशातून आणायची गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एका खंजेरीवर गावंच्या गावं एकत्र बसवली, आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात आजही गावोगावी चालते. वैनगंगेच्या या काठावरच्या मराठी आणि पोवारी बोलणाऱ्या घरांनाही खंजेरी नवी नाही. बैहरच्या बाजूला गेलात तर मांदर आणि टिमकीशिवाय कर्मा होत नाही.

फायदा आहे, पण कशाचा

दोनच अभ्यास सांगतो, कारण निर्णयाला तेवढे पुरतात.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची क्षमता त्यानंतर वाढलेली दिसली. नुसतं संगीत ऐकणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट यांच्या गटाने मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांना दहा आठवडे सामूहिक वादनाला बसवलं, तेव्हा त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालेलं आढळलं; हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गट लहान होता, म्हणून यातून मोठे दावे करू नका. कोणी औषधं घेत असेल तर वादन सुरू झालं म्हणून ती बंद करायची नाहीत. हे ठामपणे सांगतो, कारण "ढोलाने बीपी बरं होतं" असे संदेश फिरत असतात.

व्यवहारात उपयोगी पडतो तो पहिल्या अभ्यासातला मुद्दा: लाभ वाजवणाऱ्याला मिळतो. चार वादक मंचावर आणि शंभर माणसं खुर्च्यांवर, असा कार्यक्रम चांगला असेल, पण ती सामूहिक वादनाची बैठक नव्हे.

आणखी एक लाभ आहे, तो मोजायला अभ्यास लागत नाही. निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार, मॉयलच्या भरवेली खाणीतला कामगार आणि दहावीतली मुलगी ही माणसं एरवी तासभर एकत्र बसत नाहीत. ठेका धरायचा तर एकमेकांकडे बघावं लागतं, ऐकावं लागतं आणि स्वतःचा हात आवरावा लागतो. ज्यांना गाता येत नाही, बोलायला संकोच वाटतो, मराठीपेक्षा पोवारी किंवा गोंडी जवळची वाटते, त्यांनाही इथे पहिल्या दिवसापासून बरोबरीची जागा मिळते.

आधी ठरवा: भजन मंडळ, पथक की वेगळी बैठक

- भजन मंडळ. वॉर्डात किंवा गावात आधीपासून असेल तर पहिली चौकशी तिथेच करा. वाद्यं, जागा, जाणकार माणूस हे सगळं तयार मिळतं. मात्र तिथे गाणं मुख्य आणि वादन साथीला असतं. बहुतेकांच्या वाट्याला टाळ येतो. त्यात गोडी वाटत असेल तर नवीन काही काढायची गरज नाही.
- ढोल-ताशा पथक. तरुणांना याची ओढ असते. सरावाला शिस्त लागते, कमरेला बांधलेल्या ढोलाचं वजन पेलावं लागतं आणि आवाज फार मोठा असतो. गणेशोत्सव, शिवजयंती, भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी हे योग्य. साठीच्या पुढच्या माणसांसाठी, लहान मुलांसाठी आणि रोजचा ताण हलका करायला आलेल्यांसाठी नाही.
- वेगळी बैठक. आठवड्यातून एकदा, बसून, माईकशिवाय, आठ ते वीस माणसांची. देवाचं नाव घ्यायचं की नाही, हे गटाने ठरवावं. वेगवेगळ्या धर्माची आणि समाजाची माणसं येणार असतील तर नुसता ठेका ठेवणं उत्तम.

माझं मत स्पष्ट आहे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिसरा मार्ग धरावा. खर्च कमी, भांडण कमी, आणि बंद करावीशी वाटली तर कोणाचं नुकसान नाही.

सुरुवात अशी करा

१. दिवस शेतीकडे बघून ठरवा. हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत आणि पुढे कापणी-मळणीत माणसं संध्याकाळी थकून आलेली असतात. या काळात गावाकडची बैठक महिन्यातून एकदा ठेवली तरी पुरे. शहरात रविवारची संध्याकाळ बरी पडते.

२. जागा बघा. समाजभवन, शाळेची खोली (शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीने), देवळाचा किंवा विहाराचा सभामंडप, नाही तर मोठं अंगण. पत्र्याचं छप्पर टाळा. पत्र्याखाली आवाज घुमतो आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. जमिनीवर सतरंजी आणि भिंतीला एक-दोन जाड पडदे असले तर आवाज मऊ होतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या गोलातच ठेवा, मागे नको.

३. शेजाऱ्यांना आधी सांगा. दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी स्वतः जा. वार, वेळ आणि एक मोबाइल नंबर द्या. घरात कोणी आजारी, बाळंतीण किंवा परीक्षेला बसणारं मूल आहे का, हे विचारा. बैठकीला यायचं आमंत्रणही त्याच भेटीत द्या.

४. वेळ बांधा. पाऊण ते एक तास. सुरू होण्याची वेळ थोडी पुढे-मागे झाली तरी चालेल, थांबण्याची वेळ मात्र पाळा. बायकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, मुलांना अभ्यास असतो. तास उलटून गेला की पुढच्या वेळी हीच माणसं येत नाहीत.

५. एकाच माणसाला कायमचा पुढारी करू नका. ठेका धरणारा आणि थांबवण्याची खूण करणारा दर आठवड्याला बदला.

वाद्यं: काय घ्यावं, काय टाळावं

दहा माणसांसाठी एक ढोलक, दोन किंवा तीन खंजेऱ्या, दोन टाळांच्या जोड्या आणि एक झांज एवढं सुरुवातीला भरपूर झालं. बाकीच्यांनी पाण्याची वीस लिटरची रिकामी कॅन उलटी धरावी, तिचा खर्ज चांगला लागतो. पितळी तांब्यावर अंगठीने धरलेला ठेका आणि रिकाम्या पेटाऱ्यावरचा हात हेही आपल्या घरांतलंच वादन आहे.

ढोलक घेताना दोरीचं घ्यायचं की नट-बोल्टचं, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. नवशिक्या गटाने नट-बोल्टचं घ्यावं, कारण पान्याने ते कोणालाही चढवता येतं. दोरीच्या ढोलकाचा नाद अधिक गोड असतो, पण कड्या सरकवून दोरी ताणायची सवय हाताला असावी लागते. दुकानात दोन्ही तोंडं वाजवून बघा. मोठ्या तोंडाचा आवाज थापेनंतर क्षणभर रेंगाळला पाहिजे. लगेच बसत असेल तर कातड्याला आतून लावलेला मसाला सुटलेला असतो.

खंजेरी निवडताना ती डाव्या हातात उभी धरा. अंगठा लाकडी कड्यावर मागून, बाकीची बोटं पुढून, कातड्याच्या कडेजवळ. उजव्या हाताची बोटं कडेला मारली की टणक बोल येतो, मध्यावर मारली की खोल. डाव्या हाताच्या बोटांनी कातडं किंचित दाबलं तर तोच खोल बोल वर चढतो. हा फरक ऐकू येत असेल तर खंजेरी घ्यावी. कड्यातल्या पितळी चकत्या सैल हव्यात, पण हलवल्यावर लाकडावर खडखडता कामा नयेत.

पावसाळ्यात इथल्या हवेत कातडं उतरतं आणि खंजेरी भद्द वाजू लागते. शेगडीपासून हातभर लांब धरून, सतत फिरवत ती तापवा. ज्वाळेवर धरू नका, कातडं तडकतं. बैठक संपली की वाद्य कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर ठेवा. दर आठवड्याला हा व्याप नको असेल तर कृत्रिम पडद्याची खंजेरी घ्या. नाद थोडा कोरडा, पण पावसाचा त्रास नाही.

आणि एक धोका, जो या जंगलाच्या जिल्ह्यात फार खरा आहे. घोरपडीच्या कातड्याची खंजेरी, दिमडी किंवा डफ कोणी "अस्सल" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. पूर्वी अशी वाद्यं सर्रास बनत, पण घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचं कातडं विकणं, विकत घेणं आणि जवळ बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. कातडं बारीक खवल्यांच्या ठशाचं दिसलं की सावध व्हा. बकरीच्या कातड्याचं वाद्य मागा आणि पक्कं बिल घ्या.

पहिल्या दिवशी काय वाजवायचं

वाद्यं बाजूला ठेवून टाळीने सुरू करा. आठ मात्रा मोजा, पहिल्या मात्रेवर सगळ्यांची टाळी मोठी. ती एकत्र पडायला लागली की ढोलकाने साधा केरवा धरावा. टाळवाल्यांनी फक्त पहिली आणि पाचवी मात्रा घ्यावी. खंजेरी मधल्या जागा भरेल.

मग गोलाचे दोन भाग करा. एका बाजूने चार मात्रांचा बोल वाजवायचा, दुसऱ्या बाजूने तोच परत द्यायचा. मुलं यात लगेच रमतात. त्यानंतर सगळे हळू वाजवा, इतकं हळू की पंख्याचा आवाज ऐकू यावा, आणि तिथून लय न वाढवता फक्त आवाज चढवा. नवीन गटात आवाज वाढला की लयही पळते. हे सांभाळायला जमलं की गट बसला म्हणून समजा. दादरा, म्हणजे सहा मात्रा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत ठेवून द्या.

जाणकार वादक येत असेल तर त्याला एक विनंती आधीच करून ठेवा: बैठकीत तिहाया आणि तुकडे नकोत. एकाने करामत सुरू केली की बाकीचे हात थांबवून बघत बसतात.

आवाज, वेळ आणि कायदा

ध्वनिप्रदूषण (विनियमन आणि नियंत्रण) नियम, २००० देशभर लागू आहेत. मध्य प्रदेशात त्याच्या जोडीला कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ आहे. तुमच्या कामाचं एवढंच:

- रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक तर नाहीच, साधी वाद्यंसुद्धा उघड्यावर वाजवता येत नाहीत. बंद सभागृहात, आतल्या लोकांपुरतं वाजवायला सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती जाहीर झालेल्या दिवसांपुरतीच.
- माईक किंवा स्पीकर लावणार असाल तर दिवसाही लेखी परवानगी हवी. एसडीएम कार्यालयात चौकशी करा. अर्जात जागा, तारीख आणि वेळ स्पष्ट लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
- रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. अशी घोषित जागा निवडूच नका; शाळेची खोली घेण्याआधीही हे तपासून बघा.
- निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खाजगी जागेत वाजवताना तुमच्या आवाराच्या हद्दीवर हा आकडा ५ डेसिबलपेक्षा जास्त ओलांडता येत नाही. म्हणूनच रस्त्यालगतच्या ओसरीपेक्षा आतली खोली चांगली.
- परीक्षांच्या हंगामात कलेक्टर कार्यालयाकडून निर्बंधाचे आदेश निघतात. त्या महिन्यांत आदेश वाचून मगच तारीख ठरवा.

माईकशिवाय, दिवसा, खाजगी किंवा समाजाच्या बंद जागेत बसणाऱ्या दहा-वीस माणसांना ध्वनिक्षेपकाची परवानगी लागत नाही. पण शेजाऱ्याचा हक्कही तितकाच पक्का आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाला, किंवा रात्रीच्या वेळेचा नियम मोडला, तर तो प्रशासनाकडे तक्रार करू शकतो. पोलीस आले तर हुज्जत घालू नका. वाद्यं थांबवा, परवानगीची प्रत असेल तर दाखवा, त्या दिवसाची बैठक तिथेच संपवा. तक्रार चुकीची वाटली तर दुसऱ्या दिवशी लेखी म्हणणं द्या.

नोंदणी आणि पैसा

आठवड्याच्या बैठकीसाठी नोंदणीची गरज नाही. एका वहीत वर्गणी आणि खर्च लिहा, ती वही बैठकीत सगळ्यांसमोर उघडी ठेवा, एवढं पुरेसं आहे.

संस्थेच्या नावाने बँक खातं, अनुदान किंवा मोठी देणगी हवी असेल तेव्हाच नोंदणीचा विचार करा. इथे मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ लागू होतो आणि किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रातले नातेवाईक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय सांगतील, ती व्यवस्था तिकडची. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब आणि कार्यकारिणीची माहिती सादर करावी लागते. ते करणारा माणूस गटात नसेल तर या फंदात पडू नका.

कान सांभाळा

बंद खोलीत दहा माणसं जोरात वाजवू लागली की आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामाच्या ठिकाणासाठी धरलेली सुरक्षित मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबल आहे. त्यावर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून:

- दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं पूर्ण शांतता ठेवा.
- झांज आणि ताशा कोणाच्या कानाशी येणार नाहीत असे बसा. ताशा खोलीत नकोच.
- औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वापरायला संकोच करू नका.
- तान्ह्या मुलांना आत आणू नका.
- बैठकीनंतर कानात शीळ वाजत असेल किंवा बोलणं दबल्यासारखं ऐकू येत असेल तर पुढची बैठक चुकवा. दुसऱ्या दिवशीही ते राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

कोणाला बोलवायचं, आणि कसं

या भागातलं वादन जातींमध्ये वाटलेलं आहे, हे डोळ्याआड करून बैठक नीट चालणार नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत डफडं कोण वाजवतं आणि बघत कोण उभं राहतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक कुटुंबांनी गावकीचं वाजवणं जाणीवपूर्वक सोडलं. अशा घरातल्या कोणाला "तुमच्याकडे तर येतंच" म्हणून डफडं हातात देऊ नका. ते माणूस म्हणून येतील, वाटेल ते वाद्य उचलतील, किंवा नाही म्हणतील. तिन्ही गोष्टी त्यांच्या हक्काच्या. अस्पृश्यता पाळून कोणाला सार्वजनिक जागेत येण्यापासून अडवणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे. समाजभवन ठरवताना "सगळ्यांना येता येईल ना?" हे आधी विचारून घ्या.

स्त्रियांनी मृदंग किंवा ढोलकाला हात लावू नये, असं कोणी म्हणालं तर तो विषय पहिल्याच दिवशी संपवा. वाद्यं गोलाच्या मध्ये ठेवा, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं.

बैहर, गढी, बिरसा बाजूच्या बैगा किंवा गोंड वादकांना बोलावणार असाल तर येण्या-जाण्याचं भाडं, जेवण आणि मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. बैगा नृत्यासाठी शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या अर्जुनसिंह धुर्वे यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ही कला मोठ्या दर्जाची आहे, फुकट मागण्यासारखी नाही. त्यांचं वादन मोबाइलवर टिपायचं असेल तर आधी विचारा, आणि ते कुठे टाकणार हेही सांगा. काही ठेके विशिष्ट प्रसंगीच वाजवायचे असतात. "हा नको" असं ते म्हणाले तर आग्रह करू नका.

आणि वाद्यं विकत घ्यायला गोंदियाची गाडी पकडण्याआधी एक काम करा. तुमच्या गावात दंडारीला साथ करणारा ढोलकीवाला, फागाचा नगारेवाला, खंजेरी घेऊन भजनं म्हणणारी आजी, यांपैकी कोणी ना कोणी अजून आहे. त्यांचे हात आता थकत चालले आहेत, आणि त्यांचे ठेके कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाहीत. याच आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि पहिल्या बैठकीला त्यांना घेऊन या.